धागा : तासापासून ग्रां प्रीपर्यंत

साताऱ्याच्या माण-खटावात किंवा सांगलीच्या आटपाडी-खानापूर पट्ट्यात वाढलेल्या मुलाला शर्यत म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. यात्रेच्या मैदानात शेजारी शेजारी आखलेले तास, प्रत्येक तासात एक छकडा, झेंडा पडताच उठणारा धुरळा आणि निकालरेषेवर अर्ध्या शिंगाच्या फरकाने ठरणारा निकाल हे त्याने चालायला शिकण्याच्या वयातच पाहिलेले असते. हाच मुलगा पुढे रविवारी संध्याकाळी दूरचित्रवाणीवर फॉर्म्युला वन लावतो तेव्हा मात्र गोंधळतो. वीस-बावीस मोटारी दीड-दोन तास फिरत राहतात, पुढची मोटार पुढेच राहते, मागची मागेच, आणि समालोचक टायरच्या रबराविषयी बोलत असतो. यात शर्यत कुठे आहे?

अमेरिकेतील स्टॉक कारच्या प्रेक्षकाचीही नेमकी हीच तक्रार असते. स्टॉक कार म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या बंदिस्त मोटारीसारखी, चाकांवर पत्र्याचे आवरण असलेली मोटार. लंबगोल धावपट्टीवर अशा तीस-चाळीस मोटारी एकमेकींना घासत, ढकलत धावतात. ज्याची नजर त्यावर पोसली आहे त्याला उघड्या चाकांच्या, एका माणसापुरत्या, नाजूक फॉर्म्युला मोटारी अलिप्त आणि घमेंडखोर वाटतात. दोघांचीही अडचण यंत्रज्ञानाची नाही. एका शर्यतीतून दुसऱ्या शर्यतीत शिरायचे तर दुसरीचा इतिहास माहीत असावा लागतो, आणि शर्यतीचा इतिहास तिच्या नियमपुस्तकात लिहिलेला असतो. कोणता नियम कधी आला आणि कोणामुळे आला, एवढे विचारले की परकी शर्यतही हळूहळू ओळखीची होऊ लागते.

सुरुवात घरापासून करणे सोयीचे. ‘तास’ हा शब्दच बोलका आहे. नांगराने जमिनीत ओढलेली रेघ म्हणजे तास. शर्यतीत बैलजोडीला आखून दिलेली पट्टी म्हणजेही तास. शर्यत शेतातून आली याची नोंद भाषेने करून ठेवली आहे. मात्र आज मैदानात धावणारे वाहन शेतातले नाही. शेतातली बैलगाडी म्हणजे जड साटी, मोठी लाकडी चाके, त्यांवर चढवलेली लोखंडी धाव. (चाकावरच्या लोखंडी पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात, हा योगायोग शर्यतशौकिनांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.) शर्यतीचा छकडा याच्या उलट: अरुंद, हलका, जेमतेम एका माणसाला तोल सांभाळता येईल एवढा. त्यात धान्याचे एक पोतेही वाहता येणार नाही. वाहनाकडून काम काढून घेतले की उरतो तो फक्त वेग.

बैलाचेही तसेच झाले. या भागाची जात खिल्लार. सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांतील माणदेशी दुष्काळी पट्टा हे तिचे माहेर. आटपाडी खिल्लार आणि म्हसवड खिल्लार हे तिचे नावाजलेले प्रकार. आटपाडी हा पूर्वी औंध संस्थानाचा महाल होता आणि खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत भरणारा खिल्लार जनावरांचा बाजार आजही ओळखला जातो. या जातीचे मूळ म्हैसूरकडच्या हळ्ळीकर-अमृतमहाल जनावरांशी जोडले जाते. अमृतमहालची ख्याती तोफा आणि लष्करी सामान वेगाने ओढण्यासाठी होती. खिल्लार उंच, सडपातळ, लांब शिंगांची आणि चपळ. दूध मात्र बेताचे. ट्रॅक्टर आल्यावर शेतातले तिचे काम घटले. शर्यतीचे समर्थक म्हणतात की खिल्लार टिकली ती शर्यतीमुळे. हा दावा अतिशयोक्त मानला तरी एक गोष्ट खरी: ज्या बैलाला औताचे काम उरलेले नाही, त्याच्यासाठी लाखो रुपये मोजले जातात ते धावपट्टीसाठीच.

शर्यतीही एकाच छापाच्या नाहीत. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात घाटाची शर्यत असते. तिथे एका वेळी एकच गाडा चढणीच्या मार्गावर धावतो, पुढे घोडी असते आणि निकाल सेकंदांवर लागतो. सातारा-सांगलीकडे गाड्या समोरासमोर, एकाच वेळी, आपापल्या तासात सुटतात. चिठ्ठ्या टाकून गट पडतात, गटातला पहिला उपांत्य फेरीत जातो आणि तिथला पहिला अंतिम फेरीत. विदर्भात याच छंदाला शंकरपट म्हणतात. घाटाचा शौकीन सातारी मैदानाला ‘नुसती पळापळ’ म्हणतो आणि सातारी शौकीन घाटाला ‘घड्याळाशी शर्यत’ म्हणून नाक मुरडतो. स्टॉक कार आणि फॉर्म्युला यांच्या प्रेक्षकांतले भांडण अगदी याच जातीचे आहे. फॉर्म्युला वनची शनिवारची पात्रता फेरी म्हणजे घाट: मोकळ्या रस्त्यावर एक मोटार, समोर फक्त घड्याळ. रविवारची शर्यत म्हणजे तासांचे मैदान. फरक इतकाच की तास आखलेले नसतात आणि सगळा झगडा एकाच चाकोरीसाठी चालतो.

आता युरोपात जाऊ. १८९५ च्या जून महिन्यात पॅरिसहून बोर्दो आणि परत पॅरिस अशी सुमारे ११७८ किलोमीटरची मोटारशर्यत झाली. एमिल लेव्हासोर याने जवळजवळ सगळे अंतर स्वतः चालवून, दोन दिवस आणि दोन रात्री जागून ते सुमारे ४९ तासांत कापले. दुसरा स्पर्धक त्याच्या काही तास मागे होता. तरीही पहिले बक्षीस लेव्हासोरला मिळाले नाही! नियमानुसार ते चार आसनी मोटारीसाठी राखलेले होते आणि त्याची मोटार दोन आसनी होती. बक्षीस गेले त्याच्या कितीतरी तासांनंतर पोहोचलेल्या चार आसनी प्यूजोला. आयोजकांना उपयुक्त वाहन हवे होते, कुटुंबाला नेणारे. लेव्हासोरने आणले ते वेगवान वाहन.

मोटारशर्यतींचा पुढचा सगळा इतिहास या निकालात बीजरूपाने सापडतो. जे वाहन लोक खरोखर वापरतात त्याची शर्यत लावायची, की शर्यतीसाठीच वाहन घडवायचे? युरोप दुसऱ्या वाटेने गेला. मोटारीचे वजन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नसावे असा नियम आला. हेतू हा की अवाढव्य इंजिने बसवली जाऊ नयेत. कारखानदारांनी इंजिन मोठेच ठेवले आणि बाकीची मोटार सोलून काढली. चिखलरोधक पत्रे गेले, छत गेले, दारे गेली, चौकटीला वजन घटवण्यासाठी भोके पडली. चाके उघडी पडली ती अशी. ‘ओपन व्हील’ हा काही सौंदर्याचा विचार नव्हता. पोत्याला जागा नसलेला छकडा ज्या तर्काने घडला त्याच तर्काचे ते फळ होते.

या हलक्या आणि बेफाम मोटारींची किंमत १९०३ मध्ये कळली. पॅरिस ते माद्रिद ही शर्यत सार्वजनिक रस्त्यांवर सुटली. कडेला लाखो लोक, रस्त्यावर धूळ, समोरचे काहीच दिसेना. चालक, मेकॅनिक आणि प्रेक्षक मेले. रेनो बंधूंपैकी मार्सेल रेनो त्यांत होता. फ्रेंच सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली. गावाहून गावाला जाणाऱ्या शर्यतींचे युग तिथे जवळजवळ संपले आणि बंद केलेल्या वर्तुळाकार मार्गाची कल्पना रुजली. तीन वर्षांनी, १९०६ मध्ये, ल मान्स इथे फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबने पहिली ग्रां प्री घेतली. दोन दिवस, बारा फेऱ्या, सुमारे १२३८ किलोमीटर. विजेता फेरेंत्स सिस हा हंगेरीहून आलेला, रेनोचा जुना मेकॅनिक. दुरुस्ती आणि टायरबदल फक्त चालक व त्याच्या सोबतच्या मेकॅनिकने करायचा असा नियम होता. सिसकडे मिशलिनच्या सहज निघणाऱ्या रिमा होत्या, त्यामुळे दगडांनी फाटलेले टायर तो इतरांपेक्षा फार लवकर बदलू शकला. टायर बदलण्यावर शर्यत जिंकली जाते याचे नवल वाटणाऱ्याने हे साल लक्षात ठेवावे. ती आजची खोड नाही, ग्रां प्रीच्या पहिल्या दिवसापासून ती तिथे आहे.

‘ग्रां प्री’ म्हणजे मोठे बक्षीस. हा शब्दही मोटारींचा नाही. तो घोड्यांच्या शर्यतीतून उचललेला आहे. आणि ‘फॉर्म्युला’ म्हणजे नियमांचा संच: इंजिन केवढे, वजन किती, इंधन कोणते. जो संच सर्वांत वरच्या दर्जाचा तो फॉर्म्युला वन. सातारी शौकिनाला हे समजावण्यासाठी ‘आदत’ हा एकच शब्द पुरे. दुधाचे दात न पडलेल्या बैलांचा तो गट. पुढे दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा. दात पाहून गट ठरवणारा पंच आणि इंजिन मोजून वर्ग ठरवणारा तांत्रिक निरीक्षक यांचे काम एकच. फॉर्म्युला थ्री आणि फॉर्म्युला टू या त्या अर्थाने आदत-चौशाच्याच पायऱ्या आहेत. १३ मे १९५० रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला विश्वविजेतेपदाची पहिली शर्यत झाली आणि वर्षअखेर इटलीचा ज्युझेप्पे फारिना पहिला विश्वविजेता ठरला.

अमेरिकेने पहिली वाट धरली, निदान तसे म्हटले तरी. दारूबंदीच्या काळात आणि नंतरही दक्षिणेच्या डोंगराळ भागात चोरटी दारू गाळली जाई आणि ती पोहोचवणारे लोक साध्या दिसणाऱ्या फोर्ड मोटारी आतून बदलून घेत. मोटार बाहेरून कोणाच्याही दारातली वाटली पाहिजे आणि पोलिसांच्या गाडीपेक्षा वेगाने पळाली पाहिजे, एवढीच अट. रविवारी हीच मंडळी मातीच्या मैदानावर एकमेकांशी झुंजत. या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी डिसेंबर १९४७ मध्ये बिल फ्रान्स याने फ्लोरिडातील डेटोना बीचच्या एका हॉटेलात बैठक बोलावली आणि १९४८ च्या फेब्रुवारीत नास्कार ही संस्था उभी राहिली.

१९ जून १९४९ रोजी शार्लट इथे तिची ‘काटेकोर स्टॉक’ वर्गातली पहिली शर्यत झाली. नियम सरळ: मोटार दुकानातून येते तशीच हवी. ग्लेन डनअवे सर्वांत पुढे आला. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या सापडल्या. दारूचे ओझे भरून वळणे घेताना गाडी खचू नये म्हणून दारूवाहतूकदार करत तसाच तो बदल होता. डनअवे बाद झाला आणि विजेता ठरला लिंकन मोटार चालवणारा जिम रोपर.

१८९५ चा लेव्हासोर आणि १९४९ चा डनअवे ही जोडी शेजारी ठेवून पाहावी. दोघेही प्रथम आले, दोघांनाही पहिले बक्षीस नाही. एकाची मोटार पुरेशी उपयुक्त नव्हती. दुसऱ्याची एका भलत्याच कामासाठी फार उपयुक्त होती. स्टॉक कारचा ‘साधेपणा’ पहिल्या दिवसापासून असा संशयास्पद आहे. आजची नास्कारची मोटार तर रस्त्यावरच्या मोटारीशी नावापुरते आणि चेहऱ्यापुरतेच नाते सांगते. तिची चौकट शर्यतीसाठीच घडवलेली असते. स्टॉक कारच्या चाहत्याने फॉर्म्युला मोटारीला ‘कृत्रिम’ म्हणणे हे छकड्यात बसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीला ‘ही शेतातली नव्हे’ म्हणण्यासारखे आहे.

मग फरक उरतो कुठे? चाकांत. स्टॉक कारमध्ये चाकावर पत्रा असल्याने दोन मोटारी घासल्या तर पत्रा चेपतो आणि शर्यत पुढे चालू राहते. म्हणून धक्का हे तिथले हत्यार आहे. उघड्या चाकांच्या मोटारीत मागच्याचे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला टेकले तर फिरणारे रबर फिरणाऱ्या रबरावर चढते आणि मोटार हवेत उडू शकते. म्हणून तिथे अंतर राखावे लागते आणि ओलांडणे हे कित्येक फेऱ्या रचलेले कारस्थान ठरते. त्यातच मोटार जमिनीला दाबणारे पंख मागे अस्वस्थ हवा सोडतात, आणि वळणात जवळ आलेल्या मोटारीची पकड सुटते. प्रेक्षकाला जे रटाळ अनुसरण वाटते ते बहुधा टायर राखत, योग्य वेळेची वाट पाहणे असते. हे एकदा कळले की डोळा मोटारींवरून सरकून त्यांच्यामधल्या सेकंदांवर जातो. घाटाचा शौकीन इथे सातारी शौकिनापेक्षा लवकर रमेल, हे मान्य केले पाहिजे.

दोन्ही जगांत वावरलेली माणसे आहेत. मारियो आंद्रेटी याने १९६७ मध्ये डेटोना ५०० ही स्टॉक कारची सर्वांत मोठी शर्यत जिंकली, १९६९ मध्ये इंडियानापोलिस ५०० आणि १९७८ मध्ये फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद. तिन्ही मिळवणारा दुसरा कोणी झालेला नाही. भारतापुरते बोलायचे तर नारायण कार्तिकेयन हा २००५ मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, आणि हाच चालक २०१० मध्ये अमेरिकेत नास्कारच्या ट्रक मालिकेतही धावला. म्हणजे भारतीयांचा नास्कारशी पहिला परिचय फॉर्म्युला वनमधून परत फिरून झाला. चाहत्यांच्या नेहमीच्या प्रवासाची ही उलटी दिशा.

महाराष्ट्रातून मुंबईचा जेहान दारूवाला डिसेंबर २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. सांगलीपासून तर कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथल्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. जगातल्या बहुतेक फॉर्म्युला चालकांची पहिली पायरी कार्ट हीच असते. तिच्यावरची देशी पायरी म्हणजे एलजीबी फॉर्म्युला फोर. या छोट्या उघड्या चाकांच्या मोटारीत मारुतीच्या प्रवासी गाडीचे इंजिन बसवलेले असते: कामाचे जनावर, शर्यतीच्या जुवाखाली.

या सगळ्याच्या मुळाशी एक न टळणारा प्रश्न आहे. वेगाची किंमत कोण मोजतो?

मोटारशर्यतींनी तो प्रश्न फार उशिरा आणि फार प्रेते मोजून विचारला. ११ जून १९५५ रोजी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पिएर लेव्हेग याची मर्सिडीज दुसऱ्या मोटारीवर आदळून उडाली, तिचे तुकडे गर्दीत घुसले आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक ठार झाले. या अपघातानंतर शेजारच्या स्वित्झर्लंडने मोटारींच्या सर्किट शर्यतींवर बंदी घातली. ती इतकी टिकली की २०१८ मध्ये झुरिकला विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ई मोटारींची शर्यत झाली तेव्हा तीही अपवाद म्हणून. १९६६ मध्ये बेल्जियममधील स्पा इथे जॅकी स्ट्युअर्ट उलथलेल्या मोटारीत पेट्रोलने भिजत अडकला. स्टिअरिंग काढून त्याला सोडवायला साधा पाना तिथे नव्हता. त्यानंतर तो पाना सोबत बाळगूनच मोटारीत बसू लागला आणि रुग्णवाहिका, कठडे, डॉक्टर यांसाठी भांडत राहिला. त्या काळच्या कित्येकांनी त्याला भित्रा ठरवले. १९९४ मध्ये इमोलाला दोन दिवसांत रोलंड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना गेले. २००१ मध्ये डेटोनाच्या शेवटच्या वळणावर डेल अर्नहार्ट गेला आणि त्याच वर्षी नास्कारने मानेला आधार देणारे साधन सक्तीचे केले. २०१८ मध्ये फॉर्म्युला वनने चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ ही टायटॅनियमची कमान आणली. ती कुरूप दिसते म्हणून चाहत्यांनी ओरड केली. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमाँ ग्रोजाँची मोटार कठड्यात शिरून दुभंगली आणि पेटली. तो सुमारे अठ्ठावीस सेकंद आगीत होता आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आला. ओरड थांबली.

बैलगाडा शर्यतीत हाच प्रश्न वेगळ्या आणि अधिक कठीण रूपात उभा राहतो. मोटार चालवणारा आपल्या इच्छेने बसतो. बैलाची इच्छा कोणी विचारलेली नसते. चाबूक, टोचणी, विजेचा झटका, शेपटी पिरगाळणे हे प्रकार मैदानांत होत होते, आणि हे नाकारून शर्यतीचा इतिहास लिहिता येणार नाही. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने बैलाला वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या यादीत बसवले: ज्यांचे खेळ करता येणार नाहीत असे प्राणी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूच्या खटल्यात महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. बैलाचे शरीर घोड्यासारखे धावण्यासाठी घडलेले नाही, हा त्या निकालातला एक महत्त्वाचा आधार होता.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सवलतीची अधिसूचना काढली. न्यायालयाने तिला काही दिवसांतच स्थगिती दिली. २०१७ मध्ये, तमिळनाडूतल्या मोठ्या आंदोलनानंतर, महाराष्ट्रानेही प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली. मैदाने अधिकृतपणे ओस पडली, छंद मात्र थांबला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आमदार गोपीचंद पडळकर यांनी आटपाडी तालुक्यात झरे परिसरात बंदी आणि पोलीस बंदोबस्त असतानाही पहाटेच शर्यत घडवून आणली आणि ती राज्यभर बातमी झाली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

परवानगीबरोबर नियमपुस्तक आले आणि इतिहासाच्या वाचकाने खरे पाहावे ते इथे. धावपट्टी एक किलोमीटरपेक्षा लांब नको. काठी, चाबूक, विजेचे साधन नको. धावण्याआधी पशुवैद्यकाची तपासणी हवी. जिल्हा प्रशासनाची पूर्वपरवानगी हवी. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. १९०३ नंतर फ्रान्सने आणि १९४९ मध्ये शार्लटने जे केले, तेच हे: खेळ ठेवायचा तर त्याला मोजमापात बसवायचे. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतले मैदान, खानापूर-आटपाडीकडची मोठी मैदाने आता कॅमेऱ्याखाली चालतात. निकाल पुन्हा पुन्हा पडद्यावर पाहून दिला जातो आणि घरी बसलेले हजारो लोक तो थेट पाहतात. कॅमेरा निकालरेषेवर असतो. सुटण्याच्या जागी, जिथे बैल बिथरतो आणि चार माणसे त्याला आवरत असतात, तिथेही तो तितकाच बारकाईने लावला जाईल तेव्हा या नियमांची खरी परीक्षा होईल.

या परंपरेला किती जुने म्हणायचे? उत्साही मंडळी ती शिवकाळापर्यंत नेतात, पण लगाम सैल सोडून इतिहास लिहू नये. एक दुवा मात्र निश्चित जुना आहे: ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२ वे सूक्त. त्यात मुद्गल ऋषीची कथा येते. गाडीला जुंपलेला बैल आहे, त्याच्या जोडीला लाकडी सोटा आहे, आणि गाडी हाकणारी आहे मुद्गलाची पत्नी मुद्गलानी. सूक्ताचा अर्थ लावताना विद्वानांत मतभेद आहेत, पण पैजेत धावणारा बैल आणि सारथ्य करणारी स्त्री ही दोन्ही चित्रे त्यात स्पष्ट आहेत. आजच्या मैदानांत दुसरे चित्र क्वचितच दिसते. फॉर्म्युला वनमध्येही इटलीच्या लेल्ला लोम्बार्दीने १९७५ मध्ये स्पेनमध्ये मिळवलेला अर्धा गुण हाच आजवर स्त्री-चालकाच्या नावावरचा एकमेव हिशेब आहे.

सातारा-सांगलीच्या मोठ्या मैदानांत आता बैलांची नावे पोस्टरवर चालकाच्या आणि मालकाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापली जातात. बकासूर, मथुर ही नावे शाळकरी मुलांना तोंडपाठ असतात. छकड्यावरच्या माणसाला तिथे सर्रास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. दोन मालकांचे दोन बैल एकत्र जुंपण्याला ‘पैरा’ म्हणतात, जो शब्द पूर्वी शेतीच्या कामात एकमेकांना बैल देण्यासाठी वापरला जाई. पहिल्या क्रमांकाचे बक्षीस कुठे ट्रॅक्टर असते, कुठे थार जीप. आणि अंतिम फेरी संपल्यावर विजेती जोडी घरी चालत जात नाही. अंगावर झूल घातलेली, गुलालाने माखलेली ती पिकअपच्या हौद्यात चढते आणि डांबरी रस्त्याने पुढच्या मैदानाकडे निघते.